वह्या गुरुवारी

बसा. एसीचा आवाज होतो, गारवा होत नाही,
सूरच्या उन्हात तेवढं सांभाळून घ्या.
जिस्मी, तुझं पाठटाचण पाहिलं. सुरेख.
चार रंगांची शाई, उद्दिष्टं एक ते सहा,
आणि चाळीस मिनिटांत एकही मूल
मध्येच काही विचारणार नाही अशी चोख व्यवस्था.
सुब्बय्या, मागे का? पुढे ये.
सरावपाठाला अजून अर्धा तास आहे.
भाषण नाही देत. एक वही दाखवते.

सहावी ब. एकोणीस वर्षांपूर्वीची.
खाकी कव्हर, कोपऱ्यावर कालवणाचा डाग,
नाव: नुमान मजगावकर.
बाप खताच्या कारखान्यात वेल्डर, मूळचे रत्नागिरीकडचे.
घरी कोकणी, गल्लीत मल्याळम, दुकानात अरबी,
आणि माझ्या हिंदीच्या तासाला नुसता खिडकीबाहेर.
खिडकीतून तेव्हा खाडी दिसायची,
खाडीकाठी गलबतं बांधायचा कारखाना.
आता मध्ये जिमची इमारत आलीय.

निबंध होता: मोठेपणी मी कोण होणार.
एकतीस मुलांत चौदा डॉक्टर, अकरा इंजिनिअर,
तीन पायलट, दोन ‘पप्पा म्हणतील ते’.
आणि हा:
‘मी गलबतांना नावं ठेवणार.
नाव नसेल तर रात्री त्याला हाक कशी मारायची?’

अन्वया, तू हसलीस. बरोबर आहे,
आपल्या मराठीत नावं ठेवणं वेगळं.
तेच तर केलं मी.
लाल पेनानं, हे बघ, कागद फाटेपर्यंत:
‘असा व्यवसाय नसतो. पुन्हा लिही.’
दहापैकी चार. तेही अक्षर चांगलं म्हणून.

वह्या गुरुवारी द्यायच्या होत्या.
म्हटलं, रविवारी देऊ. मस्कतहून पाहुणे येणार होते,
आणि खरं सांगायचं तर
गठ्ठा तिसऱ्या मजल्यावर न्यायचा कंटाळा.
रविवारी बाक रिकामा.
कंत्राट संपलं, व्हिसा रद्द,
शनिवार रात्रीच्या विमानानं अख्खं घर गेलं.
इथं असंच जातात.
दाखला ऑफिसातून परस्पर जातो.
वही राहते.

शाळेपासून दहा मिनिटांवरच्या त्या कारखान्यात
जायला मला सात वर्षं लागली.
खल्फान नावाचा म्हातारा फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकत होता.
(सागवान तुमच्याकडचं, जिस्मी, मलबारातलं.)
विचारलं, गलबताला नाव कोण ठेवतं?
‘मालक,’ म्हणाला. मग कहवा ओतत म्हणाला,
‘पण अडला की माझ्याकडे येतो.
बावीस ठेवलीत मी.’
बावीस!
आणि मी लिहिलं होतं, असा व्यवसाय नसतो.

मग त्याच्याकडेच अरबी अक्षरं शिकले.
वय एकावन्न, गुडघे दुखरे,
ओंडक्यावर बसून, वाळूत बोटानं.
नवरा म्हणायचा, आता कुठली परीक्षा द्यायचीय?
कुठलीच नाही. गलबतांची नावं वाचायची होती.
एक अक्षर आहे, नून:
उथळ होडीसारखं, आणि त्यात
एकटाच बसलेला एक ठिपका.
नुमान त्याच अक्षरानं सुरू होतो.
त्या दिवशी पुढचं काही शिकता आलं नाही.

आता कुठं असतो, विचारू नका.
इंटरनेटवर मजगावकर ढीगभर, त्यात हा नाही.
वेल्डर झाला असेल, तर चांगला झाला असेल.
नावं ठेवत असेल, तर माझ्या शेऱ्यानं नव्हे,
शेरा त्याच्या हाती पडलाच नाही म्हणून.
हा एवढाच माझा दिलासा,
आणि तो आळसातून आलेला.

चला, घंटा होईल.
तुमच्यातलं कुणी आणखी काही व्हायला निघालं होतं का?
जिस्मी, तू मान खाली घातलीस.
ते सोडू नकोस. मुलांना बरोबर कळतं
कोण स्वतःचं काय पुरून आलंय.

लाल पेनं इथं ठेवा. पेन्सिली घ्या.
त्यांचं शुद्धलेखन उद्या सुधारेल,
आपला शेरा खोडता आला पाहिजे.
तिसऱ्या बाकावरची मुलगी आज बाहेर बघत असेल,
तिला वळवू नका लगेच. आधी
तिच्या शेजारी उभं राहून बघा काय दिसतंय.

आणि हो, वह्या.
गुरुवारी परत द्या.
कितीही पाहुणे येवोत.